दोन कॉलेजं, एक रोगी

दोन्ही मेडिकल कॉलेजं नातीच्या प्रवेशाचा आपापला निर्णय रविवारी दुपारी कळवणार हे नक्की झालं, तशी अप्पांनी सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. माईने नवऱ्याला बजावलं की त्या दिवशी कॉलेजांवरून वाद काढायचा नाही. अप्पांनी लगेच कबूल केलं. मांजराने दुधाची राखण कबूल करावी, तितक्याच मनापासून.

थोरली मुलगी नवऱ्याला आणि लेकीला घेऊन आली, तेव्हा धाकटी आधीच येऊन स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती. जिन्यात खारूने आईचा दंड धरून विचारलं होतं, "आजोबांना सांगितलंस?"

"आज सांगते."

"महिनाभर तू आजच सांगत्येस, आई."

खारू हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी दोन्ही गालांत खाऊ कोंबून ठेवायची, म्हणून अप्पांनी ठेवलेलं. तेव्हापासून तिची कुठलीच गोष्ट तोंडातून लवकर बाहेर पडत नसे, आणि एकदा पडली की परत आत जात नसे. महिन्यापूर्वी तिने आईला सांगितलं होतं की तिला नव्या कॉलेजात जायचंय. आणि थोरलीने, अप्पांची लाडकी लेक म्हणून, ते अप्पांना सांगायचं पत्करलं होतं. प्रसंग बघून. तो प्रसंग काही येत नव्हता.

कारणही तसंच होतं. जुन्या कॉलेजात अप्पांनी उभी हयात शस्त्रक्रिया शिकवली. शहरातले अर्धे सर्जन आजही टाका घालताना अप्पांची बोलणी आठवून हात सावरतात. थोरली तिथेच शिकली आणि पॅथॉलॉजिस्ट झाली. मोठ्या रुग्णालयाची प्रयोगशाळा सांभाळते. धाकटीने मात्र बापाचा शब्द मोडून तळ्याकाठच्या गावातलं, तेव्हा नुकतंच निघालेलं कॉलेज धरलं. त्याच्या पहिल्या तुकडीतली ती. आज ती स्वतः पन्नाशीला टेकलेली फॅमिली डॉक्टर आहे, तरी घरात त्या कॉलेजाला "नवं"च म्हणतात. अप्पा "गप्पांचं कॉलेज" म्हणतात.

खारूने लॅपटॉप कपाटावर उघडून ठेवला. दोन्ही पानांवर एकच ओळ: आपला अर्ज विचाराधीन आहे.

"विचार करताहेत म्हणे," अप्पा खिडकीजवळच्या खुर्चीतून म्हणाले. "आमच्या वेळी विचार-बिचार नव्हता. एक म्हातारा बसायचा, तो हात बघायचा. बोटं लांब असली की घ्यायचा."

"तुमची तर आखूड आहेत," माई म्हणाली.

"म्हणून तर मी हात खिशात घालून गेलो होतो."

सूप वाढून होईपर्यंत शांतता टिकली. मग अप्पांनी पाव मोडला आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "वाद काढत नाही. फक्त विचारतो. ज्याला शरीर माहीत नाही, त्याच्यापुढे रोगी बसवून काय उपयोग? आधी शरीर, मग रोग, मग रोगी. दोन वर्षं शवविच्छेदन करा, हाडं पाठ करा, नसा पाठ करा. मग आणा माणूस."

"आणि तोवर माणूस कसा दिसतो हेच विसरायला होतं," धाकटीने चमचा खाली ठेवला. तीस वर्षांचा सराव होता तिला. "आम्हाला पहिल्या आठवड्यात केस दिली. पाय सुजलेला बसड्रायव्हर. आम्ही आठ जण, आणि एकालाही मूत्रपिंड कुठे असतं ते धड माहीत नव्हतं. चार दिवस आम्ही पुस्तकं खाल्ली, अप्पा. ते मूत्रपिंड मी जन्मात विसरले नाही."

"आणि यकृत? यकृताचा रोगी आलाच नसता तर?"

"दुसऱ्या आठवड्यात आला."

"नशीब!"

"नशीब कसलं, तसंच आखलेलं असतं! तुम्हाला वाटतं आम्ही तिथे वाट बघत बसायचो, आज कोण आजारी पडतंय म्हणून?"

"पण आता जुनंही तसं जुनं राहिलेलं नाही," थोरली मध्ये पडली. तिला विषय मऊ करायचा होता. "आता हृदय घेतलं की त्याची रचना, काम, रोग, औषधं सगळं एकत्रच शिकवतात. मग फुप्फुस. मग पोट."

"म्हणजे भेसळ," अप्पा म्हणाले.

थोरलीचा नवरा सायकली दुरुस्त करायचा. तीन डॉक्टरांच्या गप्पांत तो सहसा बटाट्यांकडे लक्ष देई, पण आज तोही सरसावला. "मी दोन्ही पद्धतींनी शिकलोय, अप्पा. आधी सगळे सुटे भाग टेबलावर मांडून नावं पाठ केली. मग सायकल जोडायला घेतली तर जुळेचना. शेवटी गिऱ्हाइकालाच समोर बसवून शिकलो."

"आणि गिऱ्हाईक?"

"चालत घरी गेलं."

अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. हसणं ओसरल्यावर त्यांनी खारूकडे मोहरा वळवला. "तू का गप्प? प्रवेश तुझा, कॉलेज तुझं. कुठलं हवंय तुला?"

खारूने आईकडे पाहिलं. हाच तो प्रसंग, ताटात वाढून आलेला. आणि थोरली, जिने आयुष्यात हजारो लोकांचे रिपोर्ट न कचरता सही करून पाठवले होते, ती म्हणाली, "आधी निकाल तर लागू दे, अप्पा."

खारूने मान खाली घातली. धाकटीने हे सगळं टिपलं. बहिणींचं पटो न पटो, भाचीचा उतरलेला चेहरा तिला बघवत नसे.

"वाद कशाला?" ती टाळी वाजवून उठली. "करूनच दाखवते. आमच्या वर्गात काय चालायचं, ते इथे या टेबलावर होऊन जाऊ दे. ताई आणि भावजी गटात. प्रश्न खारू विचारणार. मी शिक्षक, म्हणजे मी तोंड उघडायचं नाही."

"हे एक बरं आहे," अप्पा म्हणाले. "आणि रोगी मी! असा रोगी होतो की तुमचं अख्खं कॉलेज हात जोडेल."

ते उठले, दाराबाहेर गेले आणि रीतसर दार वाजवून कण्हत आत आले. खारूने त्यांना खुर्ची दिली, स्वतः समोर बसली.

"वय?"

"माझ्या बायकोला विचारा. ती दर वर्षी वाढवते."

"काम काय करता?"

"निवृत्त आहे. पूर्वी पगार घेऊन लोकांना बोलायचो, आता फुकट बोलतो."

"त्रास काय होतो?"

"दोन मुली आहेत."

सगळे हसले. खारूही हसली, पण जागची हलली नाही. "त्याशिवाय?"

"त्याशिवाय..." अप्पा छताकडे बघून रोग शोधू लागले. "थकवा. लिहा, थकवा."

"थकवा म्हणजे नेमकं काय होतं?"

"सकाळी बूट घालायला बसतो. एक घालून होतो, आणि वाटतं, दुसरा उद्या घालू."

"आणखी?"

"थंडी वाजते. लोक पंखा लावतात, मी पांघरूण शोधतो. आवाज बसलाय. पोट साफ नाही. सगळं कसं... सावकाश झालंय. विचारसुद्धा चिखलातून चालत येतो."

जावई म्हणाला, "अप्पा, तुम्ही नाटकात जायला हवं होतं." थोरली हसत होती. आणि हसता हसता तिची नजर बापाच्या अंगातल्या स्वेटरवर गेली. जाड, गळ्यापर्यंतचा. तिच्या नवऱ्याने बाह्या दुमडल्या होत्या, धाकटीच्या कपाळावर घाम होता. गेल्या रविवारीही हाच स्वेटर होता. आणि आवाज? फोनवर अप्पांचा आवाज घोगरा येतो, म्हणून तिने त्यांना नवा फोन आणून दिला होता. तिचं हसू जिथल्या तिथे राहिलं.

खारू पुढे वाकली. "या सगळ्यात तुम्हाला भीती कशाची वाटते?"

अप्पांनी तोंड उघडलं. टोमणा येणार म्हणून सगळे थांबले, पण टोमणा आला नाही.

"नावांची," ते म्हणाले. "रस्त्यात माणूस भेटतो. चेहरा ओळखीचा असतो. त्याचं पोट मी उघडलेलं असतं, आत काय निघालं तेही आठवतं. नाव येत नाही. मग हा रोगी... हा रोगी काय करतो, बायकोकडे बघतो. ती लगेच म्हणते, अरे, अमुक का तुम्ही! निभावतं. रोग्याची बायको हुशार आहे."

माईने हातातलं पातेलं टेबलावर ठेवलं. "रोग्याची बायको दमली आहे आता," ती म्हणाली.

धाकटी, जिने तोंड उघडायचं नव्हतं, तिने उघडलं. "अप्पा, हा खेळ होता ना?"

"खेळच आहे. सूप गार होतंय, बसा."

"खेळ नाही," माई म्हणाली. "हिवाळ्यापासून चाललंय. दोनदा आपल्याच गल्लीचं वळण चुकले. मुलींना कळू देऊ नकोस म्हणाले. मी पण ऐकलं, मूर्खासारखं. ह्यांचं वाक्य अडलं की मी पुरं करते. दिवसभर तेच करते."

"अप्पा!" थोरलीचा आवाज चिरकला. "तुम्ही डॉक्टर ना? तपासून का नाही घेतलं?"

"तपासलं असतं तर सापडलं असतं," अप्पा म्हणाले.

जो शब्द अप्पांना सापडायला नको होता, तो एव्हाना सगळ्यांच्या मनात येऊन बसला होता आणि कुणीच तो उच्चारत नव्हतं. थोरलीला रडू फुटणार होतं. पण त्याऐवजी तिच्या डोक्यात भलतंच काहीतरी सुरू झालं. एक वर्ग. लाकडी बाकं. आणि तरणेबांड अप्पा, हातातल्या खडूने ताल धरून सगळ्या वर्गाकडून घोकून घेताहेत: थंडी, थकवा, बसका आवाज, कोरडी कातडी, मंद नाडी, विसराळू म्हातारा आला तर आधी मान बघा, मग मेंदू! त्या चालीवर मुलं कॉरिडॉरमधून नाचत जायची.

"हात द्या," ती म्हणाली.

हात कोरडा होता, थंड, उन्हात वाळलेल्या कागदासारखा. तिने मान वर केली तर अप्पांचं दुसरं मनगट धाकटीच्या हातात होतं. दोघी बहिणी बापाच्या दोन बाजूंना.

"नाडी?" थोरलीने विचारलं.

"मंद. खूपच मंद, ताई." मग धाकटीच म्हणाली, "खुर्चीवर गुडघे टेकून बसा, अप्पा. पाठमोरे. मोजे काढा."

"घोट्याचा झटका बघणार?" अप्पांचे डोळे बारीक झाले. "कशाने ठोकणार?"

"गाडीत रबरी हातोडा आहे माझा," जावई धावला.

"भावजी, त्याने ते कायमचे लंगडतील. माई, तो लाकडी डाव दे."

मग ते दृश्य असं होतं: शहरातला नावाजलेला सर्जन जेवणाच्या खुर्चीवर गुडघ्यांवर ओणवा, खुर्चीच्या पाठीला मिठी मारलेला, पावलं मागे हवेत लोंबताहेत, आणि मागे सगळं घर वाकून त्यांच्या उघड्या टाचा बघतंय. धाकटीने टाचेच्या वरच्या शिरेवर डावाची कड टिचकीसारखी मारली.

पाऊल झटक्यात मागे उडालं. आणि मग परत आलं. हळूहळू.

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं.

"काय झालं?" अप्पा खुर्चीच्या पाठीत तोंड खुपसून ओरडले. "मला दिसत नाहीये! कुणीतरी सांगा! तुम्ही दोघी नको, तुम्ही मनातलं सांगाल. खारू, तू सांग. जे दिसलं तेवढंच."

"परत मार, मावशी," खारू म्हणाली आणि जमिनीवर बसली. धाकटीने पुन्हा मारलं. "पाऊल मागे जाताना झटक्यात गेलं, आजोबा. पण परत येताना रेंगाळलं. वाटेत कुणी ओळखीचं भेटल्यासारखं."

अप्पांची पाठ थरथरू लागली. माई घाबरून पुढे झाली. पण ते रडत नव्हते, किंवा नुसतेच रडत नव्हते. "आधी मान, मग मेंदू! थायरॉइड!" ते म्हणाले. "अगं, पाऊल असं रेंगाळतं ते थायरॉइड मंदावलं की! याला गोळी आहे! रोज सकाळी एक एवढीशी गोळी!"

"रक्त तपासल्याशिवाय काही बोलायचं नाही," थोरली म्हणाली, पण तिचेच डोळे वाहत होते. "आणि तुमच्यावर उपचार आम्ही दोघी करायचे नाहीत. उद्या रक्त, मग चांगल्या डॉक्टरकडे."

"आम्ही चांगल्या नाही का?" धाकटी म्हणाली.

"तुझ्या ठोक्याची शक्ती बघता, नाही," अप्पा खुर्चीवरून उतरत म्हणाले. "पण सापडलं कशाने? माझ्या पाठांतराने! थोरलीला आठवलं, कारण मी घोकून घेतलं होतं!"

"आणि प्रश्न कुणी विचारला?" धाकटी उसळली. "हिवाळ्यापासून तुम्ही आमच्यासमोर बसता, आम्ही दोघी घोकलेल्या, न घोकलेल्या डॉक्टरणी, कुणी विचारलं तुम्हाला?"

"ते बरोबर, पण..."

"पण काय?"

"अहो, इथे काहीतरी लागलंय," कपाटाजवळून जावई म्हणाला. तो खरं तर पाव आणायला उठला होता. लॅपटॉपवरची ओळ बदलली होती. दोन्ही पानांवरची, कोण जाणे केव्हाची.

सगळे धावले. अप्पा एका पायात मोजा अडकवून. नव्या कॉलेजाने लिहिलं होतं: आपली निवड झाली आहे. जुन्याने लिहिलं होतं: आपलं नाव प्रतीक्षायादीत आहे.

धाकटीने खारूला उचलूनच घेतलं. जावई टाळ्या वाजवू लागला. माईने तिचे दोन्ही गाल धरून ओढले. आणि या सगळ्या गलबल्यात अप्पांची गर्जना झाली. "प्रतीक्षायादी? माझ्या नातीला? कोण गाढव बसलंय समितीवर?"

"तुमचाच विद्यार्थी," थोरली म्हणाली.

"तरीच! ढ होता तो!" ते फोनकडे निघाले. "थांबा, मी बोलतो त्याच्याशी."

"बोलू नका, अप्पा." थोरली त्यांच्या वाटेत उभी राहिली. "तिला नव्यातच जायचंय. पहिल्यापासून. महिनाभर मला माहीत आहे. तुम्हाला सांगायला घाबरत होते मी."

"मला घाबरत होतीस?"

"तुम्हाला."

अप्पा मोजा ओढायचे थांबले. त्यांनी लेकीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. "तू मला सांगायला घाबरलीस, मी तुला सांगायला घाबरलो," ते म्हणाले. "कसलं हे डॉक्टरांचं घर?"

"भित्र्यांचं," माई म्हणाली. "बसा आता, बटाटे करपलेत."

करपलेले बटाटे सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी थोरलीने स्वतः रक्त घेतलं. अप्पांनी सुई बघून तोंड फिरवलं, हे तिने कुणालाही सांगायचं नाही असं ठरलं. निकाल आला तेव्हा ती यंत्रापुढे एकटीच होती. थायरॉइड मंदावल्याचं दाखवणारा आकडा नको तितका वर गेला होता. प्रयोगशाळेत असे आकडे रोज येत आणि ती त्यांवर निर्विकार सही करत असे. त्या दिवशी मात्र तिने आकडा पुन्हा वाचला, यंत्र पुन्हा चालवलं, आणि तोच आकडा पुन्हा आला तेव्हा भर कामात एवढी मोठ्याने हसली की पलीकडच्या खोलीतले सहकारी दारात येऊन उभे राहिले. बापाला रोग निघाला म्हणून हसणारी लेक त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी मुद्दाम लहान मात्रेपासून सुरुवात केली आणि अप्पांनी त्यांना मात्रेवरून भाषण दिलं. पहिले काही आठवडे काहीच फरक पडला नाही, आणि घरात पुन्हा ती जुनी भीती डोकावून गेली. मग एक दिवस माई बाजारातून आली तर अप्पांनी स्वेटर काढून खुर्चीवर टाकला होता. उन्हाळा सरत आला तेव्हा ते फोनवर लोकांना नावानिशी बोलणी देऊ लागले. माईला सुरुवातीला चुकल्यासारखं झालं. वाक्यं पुरी करायची तिला सवय लागली होती. आता ती अर्ध्यावर तोंड उघडायची आणि अप्पा स्वतःच वाक्य संपवून तिच्याकडे विजयी मुद्रेने बघायचे.

अशाच एका सकाळी थोरली आणि खारू तिथे होत्या. खारूच्या सामानाची बांधाबांध माईच्या देखरेखीखाली चालली होती. जुन्या कॉलेजातून अप्पांना फोन आला. समितीवरचा तोच विद्यार्थी. एक जागा रिकामी झाली होती. प्रतीक्षायादीत खारूचं नाव पहिलं होतं. रीतसर कळवणार होतेच, पण सरांना आधी सांगावं म्हणून त्याने फोन केला होता.

थोरली बघत होती. अप्पांचा चेहरा उजळला. अख्खी हयात ज्या इमारतीत गेली, तिचे जिने त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असणार. क्षणभर वाटलं, आता ते "घेतो" म्हणणार.

"थांब," ते फोनमध्ये म्हणाले. "जिला प्रवेश घ्यायचाय तिच्याशी बोल." त्यांनी फोन खारूच्या हातात दिला आणि खोलीबाहेर गेले. सल्ला न देता ते खोलीतून बाहेर पडल्याचं थोरलीने कधी पाहिलं नव्हतं. तीही त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. माई दाराशी कान देऊन उभीच होती.

अप्पा खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघत राहिले. आतून खारूचं बोलणं अस्पष्ट ऐकू येत होतं. मग ते थांबलं.

"काय म्हणाली?" त्यांनी मागे न वळता विचारलं.

"नको म्हणाली," माई म्हणाली. "आभार मानले आणि नको म्हणाली."

"आवाज कापला का?"

"नाही."

"मग झालं," अप्पा म्हणाले, आणि गॅसकडे वळले. "चहा कुणाकुणाला हवाय?"